जुन्या तबकड्यांवरील जॅझ, स्विंग आणि ब्लूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न मुख्यतः १९१७ ते १९४५ या काळात अमेरिकेत झालेल्या ध्वनिमुद्रणांविषयी आहेत. बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे, तो आधीच सांगून टाकतो: जुनी तबकडी एका वेळी एकच बाजू ऐकावी, आणि ती संपली की तीच लगेच पुन्हा ऐकावी. तीन मिनिटांसाठी बांधलेले संगीत तासाभराच्या यादीत ओतले की सगळे एकाच चवीचे लागते, आणि मग लोक म्हणतात की जुना जॅझ सगळा सारखाच.

जॅझ, स्विंग आणि ब्लूज ही तीन वेगवेगळी संगीते आहेत का?

त्यांना तीन बंद कप्पे मानू नये. ब्लूज हा मुळात गाण्याचा एक घाट आहे. जॅझ ही वाजवण्याची रीत आहे, जिच्यात ठरलेल्या चालीवर वादक आयत्या वेळी आपली भर घालतात. स्विंग हा शब्द दोन अर्थांनी येतो: एक, लयीचा विशिष्ट गुण, दुसरा, १९३५ ते १९४५ च्या सुमारास नाचघरे गाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांचा काळ. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाने जुलै १९३७ मध्ये मुद्रित केलेले ‘वन ओ’क्लॉक जंप’ घ्या. त्याचा सांगाडा ब्लूजचा आहे, एकामागून एक उभे राहून वाजवणारे वादक जॅझचे आहेत आणि पाय हलवायला लावणारी लय स्विंगची आहे. ते कोणत्या खान्यात ठेवायचे, ही दुकानदाराची अडचण आहे, श्रोत्याची नव्हे.

खरखर इतकी असते की गाणे ऐकूच येत नाही. यावर उपाय काय?

खरखर ही तबकडीच्या घडणीतच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाखेचे प्रमाण फार तर पाव हिस्सा असे. उरलेला भाग दगडाची भुकटी, काजळी आणि धागे यांचा. ही भुकटी मुद्दाम घातली जाई. जड ध्वनिपेटीखालची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासली जाऊन खाचेच्या मापाची व्हावी, अशी ती योजना होती. थोडक्यात, आपण बारीक सँडपेपरवर चालणारी सुई ऐकत असतो.

उपाय कानाचाच आहे. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा आणि एखादे वाद्य निवडून शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा. खरखर एकसुरी असते आणि एकसुरी आवाज कान मिनिटाभरात मागे टाकतो, जसा डोक्यावरचा पंखा किंवा कौलांवरचा पाऊस. ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या वाजत असत, त्यांना हे कधी शिकवावे लागले नाही.

१९२५ या सालाला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण त्याआधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत, आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि त्या थरथरीने सुई मेणाच्या जाड चकतीत खाच कोरत जाई; आवाज पकडण्याच्या या कामात विजेचा संबंधच येत नसे. मंद वाद्ये पुढे आणि दणदणीत वाद्ये मागे, एवढाच काय तो समतोल साधण्याचा मार्ग. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड गावी किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाचे मुद्रण झाले, तेव्हा तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट (ट्रम्पेटच्या जातीचे फुंकवाद्य) इतरांना झाकून टाकू लागले, म्हणून त्यांना कर्ण्यापासून बऱ्याच अंतरावर उभे करण्यात आले. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने सुई उडे, म्हणून ढोलवादक बेबी डॉड्स यांना लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता, त्यामुळे गाडी आली की सगळे हात बांधून थांबत.

तेव्हा १९२५ पूर्वीच्या तबकडीत ढोल ऐकू आला नाही, तर वाद्यवृंदात ढोल नव्हता असे समजू नका. वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत ध्वनिमुद्रण पद्धत १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्यांनी स्वीकारली. त्यानंतर हलक्या आवाजात गाणे शक्य झाले, खालचे स्वर भरले आणि खोलीची जाणीव होऊ लागली. नवख्या श्रोत्याने १९२५ नंतरच्या मुद्रणांपासून सुरुवात करावी हे खरे; मात्र एक अपवाद पुढे येतो.

ब्लूज बारा बारचा असतो म्हणजे काय? तो मोजायचा कसा?

बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड. बारा बार म्हणजे ४८ मात्रा. तीनतालाची सवय असलेल्याने त्या १६-१६-१६ अशा तीन आवर्तनांत मोजाव्यात, कारण ब्लूजचे कडवेही तीन ओळींचे असते आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला बरोबर एक आवर्तन येते. पहिली ओळ गायची, तीच दुसऱ्यांदा गायची आणि तिसऱ्या ओळीत यमक साधून तिला उत्तर द्यायचे. गायक आपली ओळ आवर्तनाच्या साधारण अर्ध्यावरच संपवतो, आणि उरलेल्या मात्रांत गिटार, पियानो किंवा कॉर्नेट त्याच्याशी बोलते. ब्लूजचा अर्धा आनंद या उरलेल्या मात्रांत आहे.

तंबोऱ्यावर तयार झालेला कान अडखळतो तो दुसऱ्या ओळीला. आपला षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. ब्लूजमध्ये पहिली ओळ षड्जावर उभारलेल्या कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर, राहते. दुसरी सुरू होताना खालचा आधार मध्यमावर सरकतो आणि आठ मात्रांनी षड्जावर परततो. तिसरी पंचमावर सुरू होऊन मध्यमावरून पुन्हा घरी येते. शब्द तेच, चालही जवळपास तीच, पण खालची जमीन सरकल्यामुळे दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ पहिलीसारखी राहत नाही. दुसऱ्या ओळीचा हा पहिला क्षण डोळे मिटून पकडता येऊ लागला की बाकीचे आपोआप उलगडते.

गंधार आणि निषाद हे स्वर ब्लूजमध्ये शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या जागेत, ओढून लावले जातात. पियानोला अशी मधली जागा नसल्यामुळे पियानोवादक दोन शेजारच्या पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून तिचा आभास निर्माण करतात. मींडेचे संस्कार असलेल्या श्रोत्याला हे परके वाटत नाही. मात्र यावरून ब्लूजचे रागसंगीताशी नाते जोडू नये; हे साम्य श्रोत्याच्या सोयीचे आहे, इतिहासातले नव्हे. आणखी एक सावधगिरी: एकटा गायक स्वतःच्याच गिटारीवर गात असेल तेव्हा हा हिशेब काटेकोर राहत नाही. ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्यासारखे गायक मनाला येईल तिथे दोन मात्रा जास्त घेतात, आणि मोजणारा बिचारा मागे राहतो.

सुरुवात नेमक्या कोणत्या ध्वनिमुद्रणापासून करावी?

माझे उत्तर ठरलेले आहे: बेसी स्मिथ यांचे ‘सेंट लुई ब्लूज’, १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क. वर म्हटलेला अपवाद तो हाच, कारण हे मुद्रण अजून कर्ण्यासमोरचे आहे. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेले हे गाणे असंख्य वेळा मुद्रित झाले, पण या तबकडीवर तिघेच जण आहेत: तिशीच्या बेसी स्मिथ, २३ वर्षांचे लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर आणि फ्रेड लाँगशॉ यांच्यासमोर चक्क पेटी. आपल्या संगीत नाटकांत जो ऑर्गन वाजे, त्याच कुळातले, धातूच्या जिभांचे हे वाद्य. त्याचा सलग, किंचित नाकातला भरणा ऐकला की मराठी श्रोता दचकतो, कारण मिसिसिपीच्या काठी त्याला नाट्यपदाच्या साथीची आठवण होईल अशी त्याने अपेक्षा केलेली नसते.

पहिल्यांदा ऐकताना फक्त गायिकेकडे लक्ष द्या. लय संथ आहे आणि त्या शब्दांवर रेंगाळत, ओळीचा शेवट खाली सोडत गातात; आवाज लावण्याची घाई कुठेच नाही. दुसऱ्यांदा फक्त कॉर्नेट ऐका. आर्मस्ट्राँग एकदाही त्यांच्या ओळीवर चढत नाहीत. त्यांची ओळ विसावली की तिथून पुढच्या ओळीपर्यंतच्या मोजक्या मात्रांत ते उत्तर देऊन बाजूला होतात, आणि प्रत्येक उत्तर वेगळे असते. तिसऱ्यांदा पेटीकडे वळा आणि वर सांगितलेला मध्यमावर सरकण्याचा क्षण तिच्यात शोधा. तो इथे इतका स्वच्छ ऐकू येतो की शिकवण्यासाठी यापेक्षा सोपी तबकडी मला सापडलेली नाही. दोन बारा-बारची कडवी झाली की गाणे सोळा बारच्या उदास भागात शिरते आणि शेवटच्या कडव्यासाठी पुन्हा बारावर येते.

त्यानंतर ‘वेस्ट एंड ब्लूज’, २८ जून १९२८, शिकागो. येथे आर्मस्ट्राँग आरंभीचे बारा-तेरा सेकंद कोणत्याही साथीविना एकटेच वाजवतात. हा आलाप नव्हे, तर एका दमात वर चढून वळणे घेत खाली येणारी तान आहे, आणि तिने त्या काळच्या तरुण वादकांची झोप उडवली. पुढे त्यांनी शब्दांविना गायलेले, क्लॅरिनेटशी हळू आवाजात चाललेले संभाषण येते, मग अर्ल हाइन्स यांचा पियानो. अखेरच्या कडव्यात आर्मस्ट्राँग वरचा एक स्वर जवळपास चार बार धरून ठेवतात. म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ एक अख्खे तीनतालाचे आवर्तन. मोजून पाहा.

एकाच वेळी चार-पाच वाद्ये वाजत असताना ती ओळखायची कशी?

न्यू ऑर्लीन्सच्या रीतीत कामाची वाटणी ठरलेली असे. कॉर्नेट किंवा ट्रम्पेटकडे चाल, क्लॅरिनेट तिच्यावरून वेल चढवल्यासारखे फिरते, ट्रॉम्बोन खालून आधार देत सरकते. क्लॅरिनेटचा आवाज लग्नाच्या बँडमुळे आपल्या ओळखीचा आहे. बँजोच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. आपल्याकडे मिरवणुकीत ‘बेंजो’ म्हणून जे वाजते ते बुलबुलतरंगाच्या जातीचे वाद्य. अमेरिकी बँजो हे चामड्याने मढवलेल्या गोल पेटीचे, छेडून वाजवायचे तंतुवाद्य आहे. १९३० च्या दशकात त्याची जागा गिटारने आणि ट्यूबाची जागा उभ्या बासने घेतली. हा बदल कानाला कळू लागला की तबकडीचा काळ तारखेशिवायही अंदाजता येतो.

स्विंग ऐकताना टाळी कुठे द्यायची?

आपला हात समेवर पडतो. इथे चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी; पहिलीवर दिलीत तर लय लगेच जड वाटू लागेल. शिवाय मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. मात्रेचे तीन तुकडे कल्पून दोन एका स्वराला आणि एक दुसऱ्याला द्यावा, तसे काहीसे. हे गणित ढोबळ आहे आणि प्रत्येक वादक ते आपल्या परीने वाकवतो.

लयीचा अभ्यास करायचा असेल तर काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील फ्रेडी ग्रीन यांचे गिटार शोधा. १९३७ मध्ये ते त्या वाद्यवृंदात आले आणि १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. एकल वादन त्यांनी जवळजवळ कधीच केले नाही. चारही मात्रांवर एक-एक मऊ ठोका, बस्स. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त, पण वॉल्टर पेज यांचा बास आणि जो जोन्स यांच्या झांजा त्याच्याशी जुळल्या की पंधरा जणांचा ताफा एका अंगाने चालू लागतो.

हे संगीत नाचासाठी होते हे विसरू नये. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर १९२६ मध्ये उघडले आणि तिथे मे १९३७ मध्ये चिक वेब आणि बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांचा सामना झाला, तेव्हा निकाल नाचणाऱ्यांनी दिला. तो वेब यांच्या बाजूने होता.

सगळी गाणी तीन मिनिटांचीच का असतात?

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढेच मावत असे. बारा इंचीत साडेचार मिनिटांच्या आसपास. आपल्याकडच्या गवयांनाही तासाभराचा ख्याल याच मापात बसवावा लागला, आणि ज्यांनी तो बसवला त्यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. ड्यूक एलिंग्टन यांना ही मर्यादा जितकी मानवली तितकी क्वचितच कुणाला. १९४० च्या ‘को-को’मध्ये त्यांनी साध्या ब्लूजची एकावर एक चढत जाणारी सात आवर्तने तीन मिनिटांच्या आत रचली आहेत, आणि त्यांत एक मात्राही भरतीची नाही. आईच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये केलेली ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ ही रचना मात्र त्यांना चार बाजूंवर पसरावी लागली, आणि ऐकणाऱ्याला दर तीन मिनिटांनी उठून तबकडी फिरवावी लागे.

ब्लूजचे शब्द कळत नाहीत. त्यामुळे काही हुकते का?

हुकते, पण वाटते तेवढे नाही. प्रत्येक ओळ दोनदा येते, त्यामुळे दुसरी संधी मिळते. बोली दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांची आहे आणि कित्येक शब्द शब्दकोशातल्या अर्थाने येत नाहीत. स्वयंपाकघरातल्या किंवा शेतातल्या वस्तूंच्या आडून शृंगाराचे बोलणे चाललेले असते, हे लावणीच्या श्रोत्याला समजावून सांगायची गरज नाही. दुसरीकडे पूर, तुरुंग, रेल्वेने निघून जाणे आणि भाड्याची चणचण हे विषय अगदी सरळ शब्दांत येतात.

‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणजे काय?

१९२० च्या दशकात अमेरिकी कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळ्या मालिका काढत. त्यांचे हे व्यापारी नाव. जॅझची म्हणून विकली गेलेली पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली ती गोऱ्या वादकांच्या ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची, आणि ज्यांनी हे संगीत घडवले त्यांना अजून वाट पाहावी लागली. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायले, ते तुफान खपले, आणि या वर्गाकडे खर्च करायला पैसे आहेत हे कंपन्यांना उमगले. कलाकाराच्या हाती बहुतेक वेळा बाजूमागे ठरलेली रक्कम पडे, पुढच्या विक्रीवर हक्क नसे. बेसी स्मिथ यांच्या तबकड्यांनी कोलंबियाला मोठा व्यवसाय दिला, तरी त्यांची गत वेगळी नव्हती. संगीतव्यवसायाच्या ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने आपल्या ‘रेस रेकॉर्ड्स’ यादीचे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले ते १९४९ मध्ये.

या इतिहासाचा ऐकण्याशीही संबंध आहे. विस्कॉन्सिनमधील पॅरामाउंट ही कंपनी एका खुर्च्यांच्या कारखान्याची उपशाखा होती. तिचा कच्चा माल हलका असे, त्यामुळे चार्ली पॅटन यांच्यासारख्या थोर गायकाचे काम आज झिजलेल्या, खरखरीत प्रतींवरूनच ऐकावे लागते. अशा तबकड्या सुरुवातीला घेऊ नयेत. कान रुळल्यावर मात्र त्या चुकवू नयेत.

रॉबर्ट जॉन्सन यांनी चौरस्त्यावर सैतानाशी करार केला ही कथा खरी आहे का?

ती लोककथा आहे, आणि तशीच गोष्ट टॉमी जॉन्सन या दुसऱ्या गायकाविषयीही सांगितली जाई. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे रॉबर्ट यांची २९ गाणी मुद्रित झाली, आणि ऑगस्ट १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी ते वारले. सैतानापेक्षा त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे लक्ष द्यावे. तो खालच्या तारांवर पियानोवादकाच्या डाव्या हातासारखा चालत राहतो आणि बाकीची बोटे वर वेगळेच बोलतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाटतात.

१९४२ ते १९४४ या काळातील तबकड्या इतक्या कमी का?

दोन कारणे एकावर एक आली. पहिले भारताशी जोडलेले आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख जगाला मुख्यतः भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जात असे. युद्धात सागरी वाहतूक धोक्यात आली, लाख लष्करी कामांनाही लागत होती, आणि १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या तिच्या वापरावर कडक मर्यादा घातली. लोकांना जुन्या तबकड्या भंगारात द्यायला सांगण्यात आले. त्यात काय काय वितळले हे न आठवलेले बरे. दुसरे कारण वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावरील बहिष्कार. तो १ ऑगस्ट १९४२ ला सुरू झाला, आणि मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोघींनी नोव्हेंबर १९४४ मध्ये समझोता केला. याच काळात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार आकार घेत होता आणि त्याचे बाळपण जवळजवळ न मुद्रित होताच सरले. सैनिकांसाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ विक्रीच्या नसल्यामुळे संघटनेने त्यांना सूट दिली. त्या काळचे वादन ऐकायचे तर त्या शोधाव्यात.

या संगीताचा मुंबई-गोव्याशी खरोखर काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर आलेल्या क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईतच तबकड्या मुद्रित केल्या. शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड भारतात राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारले.

गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, त्यामुळे या वाद्यवृंदांत बसायला तयार वादक हाताशी होते. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून वीसेक वर्षे ताजमध्ये वाजला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांनी त्यांना आपल्याबरोबर घेतले आणि ‘समाधि’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१) अशा चित्रपटांच्या गाण्यांत ट्रम्पेटला मानाची जागा मिळाली. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर नाचघरांची कमाई घटली आणि बरेच वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. स्विंगच्या काही आवर्तनांत कान मुरला की ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ पुन्हा ऐका. ओळींच्या मध्ये वाद्यवृंद काय करतो आहे ते तेव्हा कळेल.

जुनी तबकडी विकत घेताना काय पाहावे, आणि ती कशावर वाजवावी?

मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर अजूनही ढिगारे मिळतात. तबकडी दिव्याखाली तिरकी धरावी: खाचा काळ्याभोर चमकल्या तर चांगले, राखाडी दिसल्या तर पोलादी सुयांनी ती खाऊन टाकलेली आहे. मग कडेला बोटावर तोलून हलकी टिचकी मारावी, मडके वाजवून घ्यावे तशी. बद्द आवाज आला तर तडा आहे. हे मी एका खरेदीच्या वेळी केले नाही आणि घरी आल्यावर मिनिटाला ७८ वेळा टक्-टक् ऐकत बसलो.

चावीच्या ग्रामोफोनवर चांगली प्रत वाजवू नये. त्याच्या ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो, तर आजच्या पिकअपचा चार-पाच ग्रॅम. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या लांब चालणाऱ्या तबकडीची, २५ मायक्रॉनच्या आसपासची सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तळातला सगळा कचरा ऐकवते. वेगही नेहमी ७८ नसतो. कोलंबियाच्या अनेक जुन्या तबकड्या ८० च्या आहेत. त्या ७८ वर लावल्या तर स्वर जवळपास पाव स्वराने उतरतो. पेटीवर पट्टी मिळवून वेग ठरवणे ही जुनी आणि विश्वासार्ह युक्ती आहे.

तबकड्या धुवाव्यात का? पावसाळ्यात काय करावे?

डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुवावे, लेबलला पाणी लागू देऊ नये. स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागदी पाकिटांना बुरशी धरते, म्हणून पाकिटे बदलावीत आणि तबकडी पूर्ण सुकल्याशिवाय आत घालू नये.

एकाच गाण्याच्या अनेक डिजिटल आवृत्त्या मिळतात. कोणती निवडावी?

जिच्यात थोडी खरखर आहे ती. सगळी खरखर काढताना झांजा, गायकाचा श्वास आणि क्लॅरिनेटची धार हेही निघून जाते आणि वादक पाण्याखाली बसल्यासारखे वाटतात. या कामात इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस (१९२७–२००४) यांचे नाव शोधावे. संगणकापूर्वीच्या दिवसांत ते टेपवर नेमका तो ‘टक्’ शोधून तेवढ्याच जागेवरील चुंबकीय लेप पात्याने खरवडून काढत, आणि संगीताला धक्का लागत नसे. १९६० च्या दशकात बनावट स्टिरिओ करून विकलेल्या एलपी, त्यांच्यावर कितीही मोठे नाव छापलेले असले तरी, टाळाव्यात.

इंटरनेटवर हे मोफत ऐकणे कायदेशीर आहे का?

बऱ्याच अंशी आहे. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली, आणि १९२३ ते १९४६ मधील मुद्रणांना प्रसिद्धीनंतर शंभर वर्षांचे संरक्षण आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाची मुदत साठ वर्षांची आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, हे स्वतः गाऊन प्रसिद्ध करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ कर्ण्याच्या काळासाठी उत्तम आहे. तारीख आणि मुद्रणाचा तपशील तपासायचा तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेची अमेरिकी ध्वनिमुद्रणांची सूची वापरावी.

हेडफोन बरा की स्पीकर?

स्पीकर. हेडफोनवर तडतड कानात टोचते आणि वाद्यवृंद डोक्याच्या मधोमध अडकून बसतो. ही मुद्रणे एकाच वाहिनीची आहेत, म्हणून ॲम्प्लिफायरवर मोनोची कळ असेल तर ती दाबावी. खाचेच्या दोन भिंतींची वेगवेगळी खरखर त्यामुळे बरीच कमी होते. कळ नसेल तर एक स्पीकर बंद करून पाहा.